आई आत आली की लाल

आमच्या घरात नव्या वस्तूपेक्षा तिच्या वेष्टनाला मान जास्त. टीव्हीचा रिमोट आजही प्लास्टिकच्या पिशवीत आहे आणि त्या पिशवीवर दुसरी पिशवी आहे, कारण पहिली मळायला लागली होती. गादीवरचं कारखान्यातलं प्लास्टिक आम्ही काढलेलं नाही. कूस बदलली की ते करकरतं, आणि त्या करकरीची इतकी सवय झाली आहे की परक्या घरी मला झोप लागत नाही. सोफ्याला कव्हर, कव्हरावर चादर, चादरीवर टॉवेल. पाहुणे आले की टॉवेल काढायचा, म्हणजे त्यांना चादर दिसते. सोफ्याचा मूळ रंग कोणता हे घरात फक्त आईला माहीत आहे. ही सगळी आईची शिकवण. वस्तू उघडी वापरली की झिजते, झाकून वापरली की टिकते, एवढ्या एका तत्त्वावर तिनं संसार केला आणि आम्हां दोघा भावांना लहानाचं मोठं केलं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं त्यात मी मूर्ख ठरलो असं आमच्या इमारतीतल्या काही मंडळींचं मत आहे आणि त्यांना ही पार्श्वभूमी ठाऊक नाही.

तर दादाचा फोन आला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. तो डोंगराच्या कुशीतल्या एका गावात राहतो. तिथली हवा स्वच्छ आहे, आणि ती आपण स्वतः रोज सकाळी पुसून ठेवतो अशा थाटात तो तिच्याबद्दल बोलतो. आमच्या शहराचं म्हणाल तर थंडी पडली की धूर खाली बसतो आणि उन्हाळ्यापर्यंत उठत नाही. त्यानंतर आठवड्याभरात आईचा खोकला सुरू होतो. या खेपेला तो लवकर आला आणि मुक्कामाला राहिला. डॉक्टरांनी तपासलं. आजार असा काही नाही, हवेचा त्रास आहे, जपा, म्हणाले. हे माझ्या बायकोनं वहिनीला सांगितलं, वहिनीनं दादाला सांगितलं, आणि दादानं निकाल लावून टाकला. पुढच्या रविवारी गाडी घेऊन येतो, आईला घेऊन जातो. चार दिवसांसाठी नाही, कायमची. तिच्यासाठी खोलीसुद्धा रंगवून झाली होती.

मी फोनवर "बघू" म्हणालो आणि फोन ठेवल्यावर आईच्या खोलीच्या दारापर्यंत जाऊन परत आलो. माझ्या वयाचा माणूस आई जाणार म्हणून तोंड पाडून बसला तर लोक हसतील, याची मला कल्पना आहे. पण ऑफिसातून मी जिना चढत असतो तेव्हाच आईनं कडी काढलेली असते. मला आमच्या घराची बेल कशी वाजते तेसुद्धा तेव्हा नीट आठवत नव्हतं. सकाळी पलीकडच्या खोलीतून रजई झटकल्याचा फटफट आवाज येतो. आई तिची रजई रोज झटकते, अगदी ताप असला तरी झटकते, आणि तो आवाज कानावर पडला की सगळं जागच्या जागी आहे असं वाटून मी आणखी थोडा वेळ लोळतो. आई गेली की हे सगळं जाणार होतं. मला ते नको होतं.

म्हणून मी दादाला परत फोन लावला आणि भांडलो. आमच्यात भांडण म्हणजे तो बोलतो आणि मी मधेमधे "तसं नाही रे" म्हणतो. शेवटी कंटाळून तो म्हणाला, "घरातली हवा चांगली आहे हे मला दाखव. मी येईन तेव्हा चांगली दिसली, तर आई राहील तुझ्याकडे. नाही दिसली तर तिची बॅग भरलेली पाहिजे."

दाखव, हा शब्द मला बरा वाटला. मी वजनमापं खात्यात निरीक्षक आहे. बाजारातले तराजू, पेट्रोलचे पंप, दुधाची मापं तपासायची आणि शिक्का मारायचा, हा माझा धंदा. दुकानदार काय शपथा घेतो ते मी ऐकत नाही, काटा काय म्हणतो ते बघतो. नोकरीची सगळी वर्षं माझा माणसांपेक्षा काट्यावर विश्वास, आणि काट्यानं मला आजवर दगा दिलेला नव्हता. हवेचा काटा कुठं मिळतो याची चौकशी केली तेव्हा कळलं की हवा साफ करणारं एक यंत्रच मिळतं, त्याला प्युरिफायर म्हणतात, आणि त्याच्या कपाळावर एक दिवा असतो. हवा चांगली असली की हिरवा, बरी असली की पिवळा, वाईट असली की लाल. हवा तेच साफ करणार आणि साफ झाली हेही तेच सांगणार. एखाद्या दुकानदारानं मला असा तराजू दाखवला असता तर मी तो जागेवर जप्त केला असता. पण आई जायची वेळ आली की माणूस निरीक्षक राहत नाही.

यंत्र घरी आलं. खोका उघडायचा मान आईचा. तिनं चिकटपट्टी न फाडता अलगद सोडवली, थर्माकोल एकीकडे, दोरी एकीकडे, माहितीपुस्तक पिशवीत परत. मग मी यंत्राचं मागचं झाकण काढलं. आत मधमाशांच्या पोळ्यासारखा फिल्टर होता, पांढराशुभ्र, पारदर्शक पिशवीत नीट बांधलेला. आईनं तो हातात घेऊन पाहिला आणि म्हणाली, "केवढा स्वच्छ आहे. बाहेर काढू नकोस रे, मळेल." मला पटलं. पिशवीसकट बसवला, अगदी चपखल बसला. झाकण लावलं, बटण दाबलं, यंत्रानं घूं केलं आणि कपाळावर दिवा लागला. लाल.

पहिल्या दिवशी आम्ही समजून घेतलं. इतक्या वर्षांची हवा, वेळ लागणारच. दुसऱ्या दिवशीही लाल. पण बायकोचं म्हणणं पडलं की आईंचा खोकला तरी कमी झाला आहे. मलाही तसंच वाटलं. रात्री मला डोकंदुखी व्हायची तीसुद्धा बंद झाली, हे मी ऑफिसात सांगितलं. समोरच्या काकू नुसत्या दारात उभ्या राहिल्या तरी त्यांना आत गारवा जाणवला. आमचं ऐकून आईही म्हणाली, हो हो, बरं वाटतंय, एवढं आणलंयस तर बरं वाटायलाच हवं. आणि ती तोंडावर पदर धरून खोकली.

मग मी खुर्ची घेऊन दिव्यासमोर बसलो आणि रीतसर निरीक्षण सुरू केलं. निरीक्षणातून जे निघालं ते फार चांगलं नव्हतं. सकाळी आईनं रजई झटकली की दिवा लाल होतो आणि यंत्र जोरानं घोंघावतं. आईनं छातीला बाम लावला की लाल. आईनं कढईत कांदा टाकला की लाल, लसूण टाकला की लाल आणि वर घोंघाट. आंघोळीनंतर तिनं पावडर लावली की लाल. दुपारी समोरच्या काकू पत्ते खेळायला येतात आणि दोघी पत्ते जोरजोरात आपटतात, तेव्हाही लाल. कुणी काही करत नसलं, म्हणजे आई गप्प बसलेली असली, की तो हळूहळू पिवळ्यावर यायचा. हिरवा आम्ही अजून पाहिलाच नव्हता. तो रंग त्यात आहे की नाही अशी मला शंका यायला लागली होती, आणि रविवार जवळ येत होता.

आमच्या इमारतीत कुणाकडे काय चाललंय हे लपत नाही. वरच्या मजल्यावर एक निवृत्त गृहस्थ राहतात, त्यांना सगळे हवामान खातं म्हणतात. रोज सकाळी गच्चीवर जाऊन ते बोट ओलं करून वर धरतात आणि दिवसभर त्या बोटावर बोलतात. ते आले, यंत्राभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले की दोष यंत्राचा नाही, खिडक्यांचा आहे. बाहेरची घाण आत येतेय, यंत्र बिचारं किती पुरं पडणार. खिडक्या बुजवा. आम्ही दोघांनी मिळून सगळ्या फटींना स्पंजच्या पट्ट्या लावल्या आणि वरून बाहेरच्या बाजूनं जाड प्लास्टिक ताणून बसवलं. मला मनातून ते आवडलं, कारण खिडक्यांनाही आता कव्हर झालं होतं.

संध्याकाळी सोसायटीचे सेक्रेटरी आले. ते कधीच रागावत नाहीत, नियम सांगतात. इमारतीच्या दर्शनी भागात बदल करायचा तर आधी कमिटीची परवानगी लागते, परवानगीसाठी अर्ज लागतो, अर्ज बैठकीपुढे यावा लागतो आणि बैठक महिनाअखेरीला असते. मी म्हणालो, आईच्या तब्येतीचा प्रश्न आहे. ते म्हणाले, तब्येतीबद्दल मला पूर्ण सहानुभूती आहे, तब्येत आतल्या बाजूनं सांभाळा. मीही सरकारी माणूस, नियम म्हटला की माझी मान आपोआप हलते. बाहेरचं प्लास्टिक मी स्वतःच उतरवलं आणि ते फाटू नये म्हणून घडी करून माळ्यावर ठेवलं.

समोरच्या काकूंचं निदान वेगळं होतं. हवा घाण नाही, कोरडी आहे. त्यांच्या मुलीनं पाठवलेलं धुकं सोडणारं यंत्र त्यांच्याकडे पडून होतं, एका टोपलीएवढं, पाणी भरलं की तोंडातून वाफेसारखं धुकं काढणारं. ते त्यांनी मोठ्या प्रेमानं आणून आमच्या प्युरिफायरसमोर ठेवलं. धुकं निघालं, प्युरिफायरपर्यंत गेलं, आणि प्युरिफायर असा काही खवळला की काकू मागं सरकल्या. त्याला ते धुकं म्हणजे धूळ वाटत होती. एक यंत्र सोडतंय, दुसरं गिळायला बघतंय, दिवा लालभडक, आणि मधे आई ओला चेहरा पुसत बसलेली. हवामान खात्यानं सुचवलं की धुकं सुकवायला हीटर लावा. हीटर लावला. तिन्ही यंत्रं एकदम चालू झाली तशी आमच्या मजल्याची वीज गेली आणि सेक्रेटरी पुन्हा आले.

शुक्रवारी मी ऑफिसातून अर्धी रजा घेऊन कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन लावला. कितीतरी वेळ बासरी ऐकवली. मग एक मुलगी आली, फार गोड बोलणारी. मी तिला सगळं सांगितलं: यंत्र नवीन आहे, दिवा लाल आहे, रविवारी माझा भाऊ येतोय. ती म्हणाली, सर, मी आपल्याला क्रमानं काही प्रश्न विचारते. पहिला प्रश्न, यंत्राचा प्लग भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावला आहे ना?

आता तुम्हीच सांगा. इतकी वर्षं ज्यानं दुसऱ्यांची यंत्रं तपासली, ज्याच्या शिक्क्याशिवाय बाजारात एक वजन हलत नाही, त्याला प्लग लावलाय का म्हणून विचारायचं. मी तिला माझा हुद्दा सांगितला. ती म्हणाली, हो सर, पण मला प्रश्न क्रमानंच विचारावे लागतात, दुसरा प्रश्न असा आहे की. तो दुसरा प्रश्न काय होता ते मी ऐकलं नाही. माझा पारा चढला होता. मी म्हणालो, माणूस पाठवा, आणि फोन ठेवला. लगेच मोबाइलवर संदेश आला की आमचा तंत्रज्ञ सोमवारी दहा ते सहाच्या दरम्यान आपल्याकडे येईल. सोमवारी आई दादाकडे पोहोचलेली असणार होती.

मग उरला एकच उपाय. यंत्र सुधारत नाही तर घर सुधारायचं. मी शनिवारी सकाळी जाहीर केलं की उद्यापर्यंत घरात तळण नाही, परतणं नाही, उकडलेलं खायचं. पावडर बंद. बाम बंद, अगदीच लागला तर जिन्यात जाऊन लावायचा. पत्ते बंद. झाडू नाही, ओल्या फडक्यानं पुसायचं. आणि रजई झटकायची नाही. शेवटचं सांगताना माझी जीभ जरा अडखळली. आई म्हणाली, बरं. तिनं रजई नुसती दुमडली, पायथ्याशी ठेवली आणि तिच्यावरून दोनदा हात फिरवला.

दिवसभर मी यंत्रासमोर. दिवा पिवळा झाला, हिरव्याकडे जातोय असं वाटलं की आई उठायची, लुगडं हलायचं, पुन्हा लाल. आई, जरा बसून राहतेस का, मी म्हणायचो. ती बसायची. खिडकीजवळ बसली तर लाल, म्हणून मी तिची खुर्ची दाराजवळ नेली. दाराजवळ पिवळा. कपाटाच्या कोपऱ्यात आणखी थोडा बरा पिवळा. तिथं ती हात मांडीवर घेऊन बसली. खोकला आला की ती माझ्याकडे बघायची आणि तो दाबायची, कारण खोकल्यावर दिवा कसा वागतो ते तिनंही पाहिलं होतं. मी तिसऱ्यांदा तिची खुर्ची हलवायला गेलो तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बायको म्हणाली, "अहो, तुम्ही आईंना हलवताय की टेबलाला?" मी तिला म्हणालो, तुला रविवारचं कळतंय का. ती आत गेली आणि भांडी जरा जास्त आवाजात ठेवू लागली. माझं लक्ष दिव्याकडे होतं.

रविवार उजाडला. दादाचा फोन आला की तो निघाला आहे आणि रस्ता मोकळा आहे. दिवा पिवळा. घर पुसून झालं, सगळे उकडलेले बटाटे खाऊन झाले, बायकोला मी स्वयंपाकघरात स्टुलावर बसवलं. पिवळा. माझे तळहात ओले झाले होते. एखाद्या दुकानात छापा टाकायला जाताना मला असं कधी झालं नव्हतं, बहुतेक दुकानदाराला होत असावं. आता घरात हलणारं काय उरलं म्हणून मी सगळीकडे बघितलं. कोपऱ्यात आई होती.

मी तिच्याजवळ गेलो आणि तिला सांगितलं की आई, तू जरा समोर काकूंकडे जाऊन बस, दादा आला की तुला बोलावतो. तिनं आधी दिव्याकडे बघितलं. मग म्हणाली, "पिशवी घेऊ का बरोबर?" मला वाटलं विणकामाची म्हणतेय, मी म्हटलं घे घे. ती आत गेली, पिशवी घेतली, चपला घातल्या आणि आवाज न करता दार ओढून घेतलं.

मी खुर्चीत बसलो. यंत्राची घूं हळू झाली. आणखी हळू झाली. आणि दिवा हिरवा झाला. त्यात तो रंग होता तर. मला इतका आनंद झाला की मी बायकोला हाक मारली, ती आली, तिनं दिवा पाहिला आणि मग कोपऱ्यातली आईची रिकामी खुर्ची पाहिली. तेवढ्यात बेल वाजली. आमची बेल फार कर्कश आहे हे मला त्या दिवशी कळलं.

दादा आत आला. मी त्याला दारातच थोपवून बूट काढायला लावले, कोटही बाहेरच ठेवायला लावला, आणि काही न बोलता हात करून दिवा दाखवला. हिरवा. दादानं मान वाकवून पाहिलं. "अरे वा," तो म्हणाला आणि सोफ्यावर बसला. टॉवेलावरच बसला, काढायचा राहून गेला होता. हरला तरी माझा भाऊ मनानं मोठा आहे. म्हणाला, मी बोललो होतो, तू करून दाखवलंस, आई राहील. मग इकडेतिकडे बघून त्यानं विचारलं, "आई कुठाय?"

बायको म्हणाली, "समोरच्या घरात बसवलीय."

"का?"

मी काहीतरी बोलायला लागलो, पत्ते, काकू असं काहीसं. बायकोनं मला बोलू दिलं नाही. "आई आत आल्या की लाल होतो," ती म्हणाली.

दादा लहानपणापासून असा आहे, बोलायचं नसलं की हातात एखादी वस्तू घेतो. तो उठला आणि यंत्र फिरवून त्याचं मागचं झाकण काढलं. आतून त्यानं फिल्टर बाहेर ओढला. पिशवीसकट. पिशवीचं तोंड कारखान्यातल्या चिकटपट्टीनं बंद केलेलं होतं, जसं आलं तसं. त्यानं ते हातात उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाला, "धाकट्या, हे श्वास घेणार कसं रे?"

मला त्या मुलीचा दुसरा प्रश्न काय असणार ते तेव्हा समजलं. इतके दिवस यंत्रानं एक कणसुद्धा साफ केला नव्हता. कमी झालेला खोकला, माझी थांबलेली डोकंदुखी, काकूंना जाणवलेला गारवा, सगळं त्या नुसत्या घूंवर चाललं होतं. काटा मात्र खोटं बोलला नव्हता. तो पहिल्या दिवसापासून लाल म्हणून ओरडत होता आणि मी आईला खुर्चीसकट हलवत होतो. मला माझीच लाज वाटली.

दार उघडंच होतं. आवाज ऐकून आई आत आली, मागे काकू. दिव्यानं तिला बघितलं आणि लाल झाला. फिल्टर पाहून आई म्हणाली, मीच म्हटलं होतं रे मळेल म्हणून, याला बोलू नकोस. दादानं पिशवी फाडायला घेतली तर तिनं ती त्याच्या हातून घेतली, चिकटपट्टी नखानं सोडवली आणि पिशवीची घडी करून खणात ठेवली. उघडा फिल्टर आत बसला. यंत्रानं वेगळाच आवाज काढला, मोठा श्वास घेतल्यासारखा, आणि आम्ही सगळे दिव्याकडे बघत उभे राहिलो. लाल. बराच वेळ लाल. मग पिवळा. मग आई खोलीच्या मधोमध उभी असताना, पदरानं तोंड पुसत असताना, काकू शेजारी बोलत असताना, हिरवा.

मी दादाकडे पाहिलं. तो हसला आणि म्हणाला, आता तर नक्कीच राहील.

आई खुर्चीवर बसली. कोपऱ्यात नव्हे, तिनं ती आधी ओढून खिडकीजवळच्या तिच्या जागी नेली. "थोरल्या, मी येते तुझ्याबरोबर," ती म्हणाली.

मी म्हणालो, "आई, दिवा हिरवा आहे."

"हो रे, हिरवा आहे. छान यंत्र आहे." तिचा आवाज रागाचा नव्हता. राग असता तर मला बोलता आलं असतं. "पण आठवडाभर तू एकदाही मला विचारलं नाहीस, आई बरं वाटतंय का म्हणून. सगळं त्या दिव्यालाच विचारत होतास. थंडी जाईस्तोवर जाते मी. ऊन तापायला लागलं की ये मला न्यायला."

काकूंनी मागून पिशवी पुढे केली. ती विणकामाची नव्हती. तिच्यात आईचे कपडे होते, औषधं होती, बाम होता, सगळं व्यवस्थित वेगवेगळ्या पिशव्यांत घातलेलं. शनिवारी रात्री त्या कोपऱ्यातून उठून खोलीत गेल्यावरच तिनं ती भरली असणार, कारण रविवारी सकाळपासून तिला मी उठू दिलं नव्हतं.

दादाची गाडी वळणावरून दिसेनाशी झाल्यावर मी वर आलो. सेक्रेटरी जिन्यात भेटले, त्यांनी आईंची विचारपूस केली. मी म्हणालो, हवापालटाला गेलीय. सोमवारी तंत्रज्ञ आला, यंत्र बघितलं, उत्तम चाललंय म्हणाला आणि माझी सही घेऊन गेला.

त्यानंतर दिवा हिरवाच आहे. सकाळी हिरवा, दुपारी हिरवा, मी ऑफिसातून येतो, बेल वाजवतो, बायको येऊन कडी काढते, आत पाहतो तर हिरवा. परतणं परत सुरू झालं तरी यंत्र जरासं कुरकुरतं आणि पुन्हा हिरवं होतं. हवामान खातं येऊन कौतुक करून गेले. मी त्यांना चहा दिला आणि लवकर वाटेला लावलं. काकू हल्ली दुपारी येत नाहीत, एकटीनं पत्ते कशाला आपटायचे म्हणतात.

पुढे एका सुट्टीच्या दिवशी जेवण झाल्यावर मी आईच्या खोलीत गेलो. रजई पायथ्याशी दुमडलेली होती. ती तिनं नेली नव्हती. दादाकडे नवी असेल, पण ही इथंच राहिली याचा मला फार आधार वाटला. मी ती उचलली आणि बाहेरच्या खोलीत आलो. दिवा हिरवा होता. मी यंत्रासमोर उभा राहिलो, रजईची दोन टोकं धरली आणि झटकली. मला ते येत नाही, आईसारखा फटफट आवाज निघेना. पुन्हा झटकली. मग आणखी जोरात. धूळ उडाली, उन्हात दिसली, माझ्या नाकात गेली, मला ठसका लागला. यंत्र घोंघावायला लागलं. दिवा पिवळा झाला आणि मग लाल झाला. बायको स्वयंपाकघरातून धावत आली, दारात थांबली आणि हात पुसत तिथंच उभी राहिली.

"खालच्या टोकाला धरा," ती म्हणाली, "आई तिथं धरतात."

मी खालच्या टोकाला धरली. तेवढ्यात फोन वाजला. आईचा होता. मला धाप लागली होती. तिनं विचारलं, काय रे, पळत आलास का, काय चाललंय. मी म्हणालो, रजई झटकतोय.

"घरात?"

"घरात."

पलीकडे दूरवर वहिनी कुणाला तरी जेवायला हाक मारत होती. मग आईनं विचारलं, "दिवा काय म्हणतोय?"

"लाल," मी म्हणालो. आणि लगेच विचारलं, "आई, तुला बरं वाटतंय का?"

"बरं आहे," ती म्हणाली. जरा थांबून म्हणाली, "फारसं नाही. इथं रजई झटकली तर कुणाला ऐकू जात नाही." मग खोकली, नेहमीचा, दोनदा. मी फोन कानाला धरून उभा राहिलो आणि यंत्र लाल दिव्यासह घोंघावत होतं. त्याला मी बंद केलं नाही.